जुना चेनसॉ : दुरुस्ती कुठपर्यंत, नवा कधी?

या अंकासाठी आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे पेट्रोलवरच्या जुन्या चेनसॉबद्दल होते. एकसारखे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे 32 सीसीचे, नऊ-दहा वर्षे जुने मशीन आहे. आंब्याची छाटणी आणि सरपण एवढेच काम. पावसाळ्यात ते पडवीत ठेवले होते. आता चोक ओढला की चालू होते, चोक सोडला की घुसमटून बंद पडते. मेकॅनिक नवा कार्बोरेटर घ्या म्हणतो. घ्यावा का? (लांजा)

उत्तर : इतक्यात नको. चोकवर चालणे आणि चोक काढताच मरणे याचा अर्थ इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळते आहे. कार्बोरेटर हे त्याचे एक कारण असू शकते. तिथे पोहोचण्याआधी स्वस्तातल्या तीन गोष्टी बघा.

पहिला, टाकीतला फिल्टर. टोक वाकवलेल्या तारेने पाइपसकट बाहेर ओढा. तो काळपट किंवा चिकट झाला असेल तर धुत बसू नका, बदला. दुसरा, पेट्रोलचा पाइप. टाकीच्या भिंतीतून तो जिथे बाहेर येतो तिथे बोटांनी वाकवून बघा. चिरा नेमक्या तिथेच पडतात आणि सरळ पाइपात दिसत नाहीत. चीर गेली की पेट्रोलबरोबर हवाही ओढली जाते. तिसरी, टाकीची हवा घेण्याची वाट म्हणजे ब्रीदर. ती बुजली तर मशीन पाच-दहा मिनिटे नीट चालते, मग मरते. झाकण सैल केल्यावर ‘फुस्स’ होऊन पुन्हा चालू झाले तर दोष ब्रीदरचा.

हे तिन्ही ठीक निघाले तर कार्बोरेटर उघडा, पण अख्खा बदलण्याऐवजी डायफ्रॅम किट, म्हणजे आतले पातळ पडदे आणि गॅस्केट, टाका. कार्बोरेटरवर वॉल्ब्रो किंवा झामा असे नाव आणि मॉडेलचा आकडा कोरलेला असतो. किट त्या आकड्यावरूनच मागा. जुना डायफ्रॅम बोटाने दाबला की कडक, कागदासारखा वाजतो. नवा मऊ असतो. बसवताना क्रम चुकवू नका. मीटरिंगच्या, म्हणजे इंजिनाला पेट्रोल मोजून सोडणाऱ्या, बाजूला आधी गॅस्केट, त्यावर डायफ्रॅम, मग झाकण. पंपाच्या, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या, बाजूला उलटे : आधी डायफ्रॅम, मग गॅस्केट, मग झाकण. उघडतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पंपाच्या झाकणाखाली बारीक जाळी असते, तीही साफ करा. भोकांत तार घालू नका, कार्बोरेटर क्लीनरची फवारणी पुरते.

आता हे सगळे पावसाळ्यानंतरच का होते ते बघू. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. तुमचे मशीन बनले तेव्हा हे प्रमाण गृहीत धरलेले नव्हते. अनेक जुन्या मॅन्युअलांत 10 टक्क्यांची मर्यादा दिलेली सापडेल. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. कोकणातल्या पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी चार महिने ठेवली की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसू शकते. फिल्टर तळाशीच पडलेला असतो, त्यामुळे तो हाच थर ओढतो. टू-स्ट्रोक ऑईल मात्र वरच्या पेट्रोलच्या थरात राहते. अशा टाकीवर मशीन चुकून चालू झाले तर इंजिन ऑईलशिवाय फिरते. म्हणून पावसाळ्यानंतर आधी टाकी रिकामी करायची, मगच दोरी ओढायची. जुने मिश्रण काचेच्या बाटलीत ओतून बघा. दोन थर आणि त्यांच्यामध्ये रेघ दिसली तर ते चेनसॉसाठी संपले.

इथेनॉलचा दुसरा परिणाम कमी बोलला जातो. त्यात ऑक्सिजन असतो. त्यामुळे जुन्या सेटिंगवर इंजिन आपोआप थोडे कोरडे, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असे, चालते आणि गरम होते. तुमच्या कार्बोरेटरला एच स्क्रू (फुल रेसला किती पेट्रोल जावे ते ठरवणारा) असेल तर तो फेऱ्याचा आठवा भाग उलटा, म्हणजे सैल करण्याच्या दिशेने, फिरवून बघा. फुल रेसला, कापात नसताना, आवाज थोडा फाटलेला, गुरगुरता हवा आणि लाकडात गेल्यावर तो स्वच्छ व्हायला हवा. लाकडाबाहेरच कर्कश, एकसुरी किंकाळी येत असेल तर इंजिन कोरडे आहे. काही लहान मशीनांना एच स्क्रूच नसतो, जेट पक्का असतो. तिथे फिल्टर, पाइप आणि सांधे निर्दोष ठेवणे एवढेच हातात आहे.

पुढच्या वर्षी मे अखेरीस टाकी रिकामी करा, मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि मगच ठेवा. मिश्रण महिन्याभरात संपेल एवढेच बनवा.

प्रश्न : लीटरला ऑईल नेमके किती? कोणी 20 मिली सांगतो, कोणी 40. (पाटण)

उत्तर : दोघेही बरोबर असू शकतात. जेएएसओ एफडी दर्जाचे (डब्यावर JASO FD असे लिहिलेले) टू-स्ट्रोक ऑईल आणि मॅन्युअलमध्ये 50:1 लिहिलेले असेल तर लीटरला 20 मिली, म्हणजे 5 लीटरला 100 मिली. मॅन्युअलमध्ये 25:1 असेल तर 40 मिली. बहुतेक स्वस्त चिनी मशीनांसोबत हेच प्रमाण दिलेले असते. मोटरसायकलच्या इंजिनात घालतो ते फोर-स्ट्रोक ऑईल यात चालत नाही. ‘जास्त घातले तर बरेच’ हेही खरे नाही. सायलेन्सरची जाळी काजळीने बुजते, आणि तेवढ्याच मापात पेट्रोल कमी झाल्याने मिश्रण उलट कोरडे होते. डब्यात आधी ऑईल आणि अर्धे पेट्रोल, हलवा, मग उरलेले पेट्रोल, पुन्हा हलवा. सिरिंजने मोजा, झाकणाने नको.

प्रश्न : चेन महिन्यापूर्वीच नवी घातली. आता काप एका बाजूला वळतो, भुशाऐवजी पीठ पडते आणि बारमधून धूर येतो. इंजिनाची ताकद गेली का? (संगमेश्वर)

उत्तर : तुम्ही लिहिलेल्या तिन्ही खुणा चेन आणि बारकडे (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) बोट दाखवतात, इंजिनाकडे नाही. धारदार दात लाकडाच्या चपट्या, मोठ्या सालपटी काढतो. पीठ पडते म्हणजे दात कापत नाही, घासतो आहे. मग आपण मशीन दाबतो, बार तापतो, क्लच घसरतो आणि शेवटी इंजिनही तापते. बोथट चेनवर आठवडाभर केलेले काम मशीनचे आयुष्य किती खाते याचा अंदाज बहुतेकांना नसतो.

चेन महिन्यात बोथट व्हायला एक बुंधा पुरतो. जमिनीलगत कापताना चेन मातीला किंवा जांभ्याला एकदा टेकली की धार गेली. वाळलेल्या माडाचे बाहेरचे कडक लाकूड आणि चिखल लागलेली सालही तेच करते. साल आधी कोयत्याने तासून घ्या.

धार लावायला गोल कानस लागते आणि तिचे माप चेनच्या पिचवर, म्हणजे कड्यांमधल्या इंचांतल्या अंतरावर, ठरते. 3/8 लो प्रोफाइल चेनला 4 मिमी, .325 ला 4.8 मिमी, मोठ्या 3/8 ला 5.2 मिमी. पिच बारच्या बुडाशी कोरलेला असतो. चुकीच्या मापाची कानस दात बिघडवते, मग कितीही घासा. बार शेगड्यात घट्ट धरा, चेन ब्रेक लावा, सर्वांत आखूड दात शोधा आणि त्यावर खूण करा. बाकी सगळे दात त्या लांबीला आणायचे आहेत. साधारण 30 अंशांच्या कोनात, कानसेचा पाचवा हिस्सा दाताच्या माथ्यावर राहील अशी धरून, फक्त पुढे ढकला. मागे आणताना उचला. प्रत्येक दाताला सारखेच तीन-चार फटके. उजवा हात चालणाऱ्यांचे एका बाजूचे दात हमखास जास्त झिजतात, आणि लांब राहिलेल्या दातांच्या बाजूला काप वळतो. तुमचे बहुधा हेच झाले आहे.

तीन-चार वेळा धार लावली की दाताच्या पुढचा ठोकळा, म्हणजे डेप्थ गेज, बघायलाच हवा. तो दातापेक्षा 0.65 मिमी खाली हवा. गेजपट्टी ठेवून वर आलेला भाग सपाट कानसेने घासा आणि पुढची कड गोल करा. हे न केल्यास दात धारदार असूनही चावत नाही. अंदाजाने जास्त घासले तर चेन लाकडाला झटके मारते आणि बार उसळतो. गेजपट्टी फार महाग नाही, ती घ्याच.

दात सारखे करूनही काप वळला तर दोष बारचा. चेन बारवर ठेवून बाजूला ढकला. ती कलंडत असेल तर खाच रुंद झाली आहे. बारच्या दोन्ही कडा गुण्यात ठेवून बघा, एक खाली गेली असेल तर सपाट कानसेने समान करा. बाहेर आलेली धारदार किनारही काढा. लो प्रोफाइल चेनसाठी खाच निदान 5 मिमी आणि बाकींना 6 मिमी खोल राहायला हवी. त्याखाली गेली की बार गेला. दर वेळी चेन काढली की बार उलटा करून बसवा. क्लचचे चक्र दोन चेनांमागे एकदा बदला. त्यात अर्धा मिमी खोल खड्डे पडले असतील तर त्याआधीच. झिजलेल्या चक्रावर नवी चेन घालणे म्हणजे चेनचे पैसे वाया.

प्रश्न : चेनच्या टाकीत ट्रॅक्टरचे जळके ऑईल चालेल का? (जव्हार)

उत्तर : नाही. त्यात धातूची बारीक चूर असते, ती ऑईल पंप आणि बार दोन्ही खाते. शिवाय ते चेनवर टिकत नाही आणि उडते ते तुमच्या अंगावर व झाडाच्या ताज्या कापावर. चेन ऑईल मिळत नसेल तर नवे, सुटे 40 नंबरचे इंजिन ऑईल घाला. ऑईल येते का ते बघायला बारचे टोक जुन्या वर्तमानपत्रापासून वीतभर दूर धरून रेस द्या. कागदावर ऑईलची रेघ उमटली पाहिजे.

प्रश्न : मशीन थंड असताना ठीक चालते, तापले की ताकद जाते, मग अर्धा तास चालू होत नाही. दोरीही हलकी लागते. गॅरेजवाला ‘बोअर करून नवा पिस्टन टाकू’ म्हणतो. (चंदगड)

उत्तर : बोअर करू देऊ नका. मोटरसायकलच्या लोखंडी सिलिंडरला ते ठीक. चेनसॉचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा असतो आणि आत निकेल किंवा क्रोमचा पातळ, कडक मुलामा असतो. बोअर केले की मुलामा जातो आणि नवा पिस्टन लगेच खराब होतो.

आधी मोजा. प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवून काटा थांबेपर्यंत दोरी ओढा. लहान चेनसॉला 130 ते 160 पीएसआय चांगले. 100 च्या खाली गेले की तुम्ही लिहिता तीच लक्षणे दिसतात. कॉम्प्रेशन चांगले निघाले तर कॉइल तपासा. तापल्यावर ठिणगी जाणे हा कॉइलचा जुना रोग आहे. मशीन बंद पडले की त्याच क्षणी प्लग काढून ठिणगी बघा, पेट्रोलच्या डब्यापासून दूर. नवी कॉइल बसवताना फ्लायव्हीलपासून 0.3 मिमी अंतर ठेवा. एक व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरले की पुरते.

कॉम्प्रेशन कमी असेल तर सायलेन्सर काढा आणि एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्चने पिस्टन बघा. हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि दुरुस्ती की नवे हा निर्णय इथेच होतो. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर इंजिन कोरडे चालून तापले आहे. ओरखडे चहूबाजूंनी असतील तर पेट्रोलमध्ये ऑईल नव्हते. कार्बोरेटर उतरवून त्या बाजूने बघताना पिस्टन निस्तेज, घासून पातळ झालेला दिसला तर एअर फिल्टरमधून भुसा आत जात होता. हे कारण सापडल्याशिवाय नवा पिस्टन टाकू नका, तो काही तासांत त्याच वाटेने जाईल.

सिलिंडरला नुसते ॲल्युमिनियम चिकटले असेल तर बारीक पॉलिश पेपरने ते निघते आणि पिस्टन-रिंग बदलून काम भागते. नख अडकेल असा चरा पडला असेल किंवा मुलामा उडाला असेल तर सिलिंडरही गेला. त्यासोबत क्रँकचे दोन्ही ऑईल सील, इनटेकचे रबर आणि पेट्रोल पाइप बदलावेच लागतात. सील गेल्याची खूण म्हणजे रेस सोडल्यावर इंजिन लगेच खाली न येणे, किंवा स्लोवर चालताना मशीन आडवे केले की आवाज बदलणे.

आता हिशेब. सुटे भाग आणि मजुरी मिळून त्याच दर्जाच्या नव्या मशीनच्या निम्म्यावर जात असेल तर थांबा. क्रँक हाताने वर-खाली हलत असेल, इंजिनाची केस तडकली असेल किंवा मॉडेलचे भाग मिळत नसतील तर हिशेबही करू नका. आणि चेन ब्रेक काम करत नसेल व दुरुस्त होत नसेल, तर इंजिन कितीही चांगले असो, ते मशीन वापरातून काढा. तपासायची पद्धत अशी : मशीन जमिनीवर घट्ट धरून क्षणभर रेस द्या आणि डाव्या मनगटाने चेन ब्रेकचा पुढचा दांडा ढकला. चेन तत्क्षणी थांबली पाहिजे.

प्रश्न : नवे घ्यायचे झाल्यास बॅटरीचे, की बाजारात स्वस्त मिळणारे 58 सीसीचे? (कणकवली)

उत्तर : कामावर अवलंबून आहे, पण आमचा कल सांगतो. हापूसच्या बागेत मनगट ते मांडीएवढ्या फांद्या छाटायच्या असतील आणि मशीन वर्षातून पंधरा-वीस दिवसच निघत असेल, तर 36 व्होल्टचे, 12 ते 14 इंच बारचे बॅटरी मशीन घ्या. या सदरातल्या निम्म्या तक्रारी पेट्रोलच्या आहेत, त्या आपोआप संपतात. बॅटऱ्या दोन हव्यात. त्या पावसाळ्यात निम्म्या चार्जवर घरात, कोरड्या जागी ठेवा.

रोज बुंधे कापायचे असतील तर पेट्रोलच : 45 ते 50 सीसी, 16 किंवा 18 इंच बार. 58 सीसीच्या स्वस्त मशीनचे भाग गावोगाव मिळतात, हा त्याचा खरा फायदा. त्याच्यासोबत येणारा 22 इंची बार मात्र त्या ताकदीला जास्त होतो. 18 इंची बार आणि त्याच मापाची चेन वेगळी घ्या, कापण्यातला फरक पहिल्याच ओंडक्याला कळेल. नवे मशीन हातात घेतल्यावर सगळे स्क्रू आवळा, पहिल्या टाक्या लांबलचक फुल रेसवर चालवू नका.

झाडावर चढून कापायचे, एका हातात मावणारे टॉप-हँडल मशीन नवख्यांनी घेऊ नये. ते दोरावर काम शिकलेल्यांसाठी आहे, आणि तेही दोन्ही हातांनीच धरायचे असते.

प्रश्न : जुने मशीन भंगारात द्यावे का? (लांजा)

उत्तर : नवे त्याच मॉडेलचे घेतले असेल तर नाही. कॉइल, स्टार्टर, फ्लायव्हील, क्लच, मागचा हँडल आणि टाकीची झाकणे काढून डब्यात ठेवा. रबराचे पाइप आणि डायफ्रॅम ठेवू नका, ते पडून राहूनच खराब होतात. मॉडेल वेगळे असेल तर आधी गॅरेजवाल्याला विचारा. चालू कॉइलला तो भंगारवाल्यापेक्षा चांगला भाव देईल.