नोंदवहीचे रकाने आधी वाच

प्रिय मित्रा,

इलिनॉयमधल्या अँडोव्हर गावच्या स्वीडिश लूथरन (प्रॉटेस्टंट पंथाच्या) मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदसमूहाचा, इतिहास लिहायला घेतलास, फार बरं केलंस. पण महोत्सवी पुस्तिका सध्या बाजूला ठेव. तिच्यात पाळकांचे फोटो आणि इमारतींची वर्षं सापडतील. माणसं कुठून आली, का टिकली, का निघून गेली, हे समजायला सभासदांची नोंदवही लागते.

स्वीडनमध्ये १६८६ च्या चर्च कायद्यानं पाळकावर पॅरिशमधल्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या, लोकांची नोंद ठेवण्याची जबाबदारी टाकली होती. स्वीडिश पाळक लार्स पॉल एस्ब्यॉर्न १८४९ मध्ये स्थलांतरितांसोबत अमेरिकेत आले, ते ही शिस्त घेऊनच. १८ मार्च १८५० रोजी अँडोव्हरमध्ये १० सभासदांची मंडळी उभी राहिली. अशा मंडळ्यांच्या वह्यांत नाव, जन्मतारीख, जन्माचं पॅरिश, अमेरिकेत आल्याचं वर्ष, कुठून आले, कुठे गेले असे रकाने असतात. मूळ वह्या हाताळण्याआधी रॉक आयलंडच्या ऑगस्टाना कॉलेजमधल्या स्वेन्सन केंद्रात जा. स्वीडिश-अमेरिकन चर्चच्या नोंदींच्या मायक्रोफिल्म तिथे आहेत.

एका माणसाला एक ओळ दे. नावासाठी दोन रकाने कर: एकात वहीत आहे तसंच, दुसऱ्यात तू ठरवलेलं एकसारखं रूप. हे टाळलंस तर पुढे गोंधळ ठरलेला. पेर अँडरसनचा मुलगा कार्ल स्वीडनमध्ये कार्ल पेरसन असतो. इकडे तोच कधी पीटरसन होतो, तर कधी बापाचं अँडरसन लावतो. शिवाय एकाच नावाची चारपाच माणसं निघतात. म्हणून ओळख नावावर ठरवू नकोस. जन्मतारीख आणि जन्माचं पॅरिश दोन्ही जुळली तरच माणूस एक धर. तारखांतही फसगत होते. ४/७ म्हणजे स्वीडिश पाळकाच्या लेखी ४ जुलै. अमेरिकन सवयीनं वाचलंस तर ७ एप्रिल होईल, आणि बाप्तिस्मा जन्माच्या आधी पडेल. असं दिसलं की आधी आपलं वाचन तपास, मग पाळकाला दोष दे. शब्दकोशात शब्द सापडला नाही तर १९०६ पूर्वीचं स्पेलिंग पाहा. तेव्हा ‘आव’ (‘चा’, ‘पासून’ अशा अर्थाचा) हा शब्द v नं नव्हे, f नं लिहीत.

‘कुठे गेले’ हा रकाना बहुतेक जण सोडून देतात. मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. इलिनॉयमधल्याच मोलीन गावची मंडळीही एस्ब्यॉर्न यांनीच १८५० मध्ये उभी केली. अँडोव्हरहून गेलेला माणूस तिथल्या वहीत दाखल झाला का, ते पडताळ. नाही सापडला तर लगेच ‘श्रद्धा सोडली’ असं लिहू नकोस. जवळच स्वीडिश चर्चपासून फुटलेल्या एरिक यान्सन यांच्या अनुयायांची बिशप हिल वसाहत होती, आणि योनास हेडस्ट्रॉम यांचा मेथडिस्ट या दुसऱ्या प्रॉटेस्टंट पंथाचा प्रचारही जोरात होता. लूथरन पाळकाला त्याच माणसांसाठी झटावं लागत होतं.

मृत्यूच्या नोंदी बांधकामाच्या हिशेबाशेजारी ठेवून वाच. गायिका जेनी लिंड यांनी १५०० डॉलर दिले, त्यातून चॅपल उभं राहू लागलं. मग कॉलरा आला. मनोऱ्यासाठी आणलेलं लाकूड शवपेट्यांना लागलं, अशी आठवण तिथे जपली आहे. ती लिही, पण आठवण म्हणूनच. मृतांचा आकडा मात्र वहीतूनच घे.

भाषा बदलल्याचं एकच वर्ष देऊ नकोस. रविवारची शाळा, उपासना, सभांची कार्यवृत्तं आणि दृढीकरणाचे (तरुण सभासदांना श्रद्धेत पक्कं करण्याच्या विधीचे) वर्ग यांत इंग्रजी वेगवेगळ्या वेळी शिरते. चारही तारखा स्वतंत्र शोध. शेजारच्या आयोवात १९१८ मध्ये गव्हर्नरनं सार्वजनिक ठिकाणी, चर्चमध्येही, परकी भाषा बोलायला मनाई केली होती. तो हुकूम इलिनॉयला लागू नव्हता, म्हणून अँडोव्हरमधल्या बदलाचं कारण तिथल्याच कार्यवृत्तात शोधायला हवं.

वरच्या संस्थेचं नाव त्या त्या काळाचंच वापर. ऑगस्टाना सिनड, म्हणजे अशा मंडळ्यांची संघटना, १८६० मध्ये स्थापन झाली, १८७० मध्ये नॉर्वेजियन वेगळे झाले, १९६२ मध्ये ती मोठ्या विलीनीकरणात गेली आणि १९८८ मध्ये आणखी एक विलीनीकरण झालं. कागद कुठल्या संग्रहात गेले असतील, याचा माग या वर्षांवरून लागतो.

पहिल्या ५० ओळी उतरवून झाल्या की मूळ पानांच्या प्रतींसह पाठव. तारखा आपण मिळून तपासू, मगच पुढची पानं घे.

तुझा हितचिंतक