अव्वाचा हिशेब निबंधात का नाही?

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

परदेशातल्या कॉलेजच्या अर्जासाठी लिहिलेल्या निबंधाचा तुझा मसुदा वाचला. इंग्रजी स्वच्छ आहे, चूक काढायला जागा नाही. पण त्यात तू मला कुठे दिसलीच नाहीस, आणि मी तर तुला आठवीपासून ओळखते. ‘लहानपणापासून मला ज्ञानाची ओढ होती’ हे वाक्य कुठल्याही गावच्या कुठल्याही मुलीच्या नावावर खपून जाईल. सुरुवातीचं कलामांचं अवतरण आधी काढ. कॉमन ॲपवर, म्हणजे एकच अर्ज अनेक कॉलेजांना पाठवायच्या त्या संकेतस्थळावर, मुख्य निबंधाला जास्तीत जास्त ६५० शब्द मिळतात, त्यातले दुसऱ्याला कशाला द्यायचे?

मागे तू बोलता बोलता सांगितलंस, की घरी वळलेल्या विड्या देऊन तुझी अव्वा विडी कारखान्यातून आली की तू वहीत तिचा हिशेब मांडायचीस. हजार विड्यांसाठी तेंदूपत्ता वजनावर मिळतो. फाटका, डागाळलेला निघाला की विड्या कमी भरतात, पण हजार तर द्यायच्याच. मग तुटीची पानं अव्वा पदरच्या पैशाने विकत आणायची. वर चेकरने, म्हणजे विड्या तपासणाऱ्याने, खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी नाही ती नाहीच. कागदावरची मजुरी वेगळी आणि हातात पडणारी वेगळी, हे तू शाळकरी वयात आकड्यांनी पकडलंस. अगं, अर्थशास्त्रच का शिकायचंय, याचं उत्तर तिथं आहे की! आणि मसुद्यात काय, तर ‘जागतिक विषमतेने मला अस्वस्थ केलं’.

मात्र गरिबी मांडून दया मागू नकोस. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी बायका विड्या वळतात. त्यात बिचारेपण शोधायला बाहेरचे लोक पुष्कळ आहेत. अव्वा चेकरशी भांडायची, ते लिही. तुझी बेरीज चुकली आणि तिने ती बोटांवर बरोबर करून दाखवली, तेही लिही.

लिहायला बसण्याआधी हे सगळं मोबाइलवर बोलून रेकॉर्ड कर. घरच्या तेलुगूत, नाहीतर आपल्या शाळेच्या मराठीत. मग ते ऐकत ऐकत साध्या इंग्रजीत उतरव. भारदस्त शब्द शोधत बसू नकोस. वाचणारा परदेशात, त्याच्यापुढे अर्जांचा ढीग. तेंदूपत्ता म्हणजे तंबाखू गुंडाळायचं पान, एवढं सांगितलंस की बास. सोलापूरचा इतिहास नको. १९३० चा मार्शल लॉ, चार हुतात्मे यांच्यावर मी वर्गात तास तास बोलते, पण तुझ्या निबंधात त्यांचं काम नाही.

पैसे घेऊन निबंध लिहून देणाऱ्याचा नंबर कुणीतरी दिलाय म्हणालीस. तो पुसून टाक, आणि एआयकडूनही लिहून घेऊ नकोस. अर्ज पाठवताना हे लिखाण माझंच आहे, असं सहीनिशी सांगावं लागतं. शिवाय अव्वाच्या भांडणातलं त्यांना काय ठाऊक?

रविवारी दुपारी नवा मसुदा घेऊन ये. अर्धवट असला तरी चालेल, शेवट सुचला नसेल तर तसाच सोड. पण त्याआधी अव्वाला विचार, तिच्याबद्दल लिहिलेलं तिला चालेल का. नको म्हणाली तर दुसरा विषय काढू.

तुझी,
बाई