महाराज, बाया उठून जातात तेव्हा...

"ताई, मी बोलायला लागलो की अर्ध्या तासात बाया उठून जातात, आता तर कीर्तन लागलं की आदल्या रात्री झोपच येत नाही." यवतमाळकडच्या एका खेड्यातले तरुण कीर्तनकार हे सांगत होते (त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय). चार वर्षं आळंदीला शिकून आलेले, पाठांतर जबरदस्त, पण माइक हातात आला की छातीत धडधड.

मी आपली स्टेजची भीती समजून श्वासाचे व्यायाम देऊन मोकळी झाले. चूक माझीच. दोन आठवड्यांनी आले ते आणखी खचून, मधल्या काळात मोबाईलवर चालणाऱ्या कीर्तनांसारखे सासू-सुनेचे जोक मारून पाहिले होते, लोक हसले पण, मात्र घरी आल्यावर आई म्हणाली, "बाबू, हे तुह्यं बोलणं नोहे." तिथे खरी गाठ सापडली. लोकांसाठी बदललो तर खोटा ठरतो, नाही बदललो तर ऐकायला कोणी थांबत नाही. हेच मला शिक्षक विचारतात, चर्चमधले पाळकही विचारून गेलेत.

मी म्हटलं, समोर कोण बसतं? म्हणे, भाविक मंडळी. तसं नाही महाराज, पहिल्या रांगेतल्या तीन बायांची नावं सांगा. आठवेनात! गावातलीच माणसं, रोज दिसणारी, पण बोलताना यांच्या डोळ्यासमोर फक्त आळंदीचे गुरुजी, कुठे चुकलो तर काय म्हणतील.

म्हणून त्यांना दोन दिवस कापूस वेचायला पाठवलं. परत आले ते बोटं दाखवतच, बोंडाची वाळलेली टोकं नखांच्या कडेला टोचून टोचून लाल झालेली. सोबतच्या एक काकू म्हणाल्या होत्या, "महाराज, तुमी सांगता ते चांगलंच असन, पण आमाले समजत नाही, अन् सकाळी पाचले उठा लागते." आता कीर्तन सुरू व्हायचं साडेनऊला अन् चालायचं दोन तास, किलोवर मजुरी करणारी बाई बसेल तरी किती वेळ? भाषेचा दोष होता, पण अर्धाच.

पुढचं कीर्तन 20 डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीचं. आता हे बाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, दिवसा गाव झाडायचे अन् रात्री वऱ्हाडीत लोकांना प्रश्न विचारत विचारत कीर्तन करायचे, त्यांना कोणी खोटं म्हटलं का? महाराज ऐकून गप्प बसले. मग ठरलं, आठला सुरू, सव्वानऊला संपवायचं, संस्कृत श्लोक नाही, तुकोबांचा एकच अभंग अन् अर्थ एका शब्दानेही सैल करायचा नाही. त्या रात्री त्यांनी आधी स्वतःची बोटं दाखवली अन् विचारलं, "काऊन वो माय, लय टोचते का?" बाया बोलायलाच लागल्या, दोन उठल्या, त्या लेकराला झोप आली म्हणून.

म्हातारे वीणेकरी बाबा मात्र रुसले, याला काय कीर्तन म्हणतात का म्हणून. त्यांचंही अगदीच चूक नाही, शिकलेलं सगळं सोडून द्यायचं नसतंच. म्हणून आता एकादशीला जुन्या पद्धतीनं दोन तास, पंधरा-वीस जण असतात. तेव्हा धडधडतं का विचारलं तर म्हणाले, "पहिली दहा मिनिटं, ताई."