वाचकांचे प्रश्न : माजी सैनिकांची फी आणि कॉलेजचे कार्यालय

अमेरिकी लष्करात सेवा करून कॉलेजात दाखल झालेल्या मराठी तरुणांच्या घरांतून फीविषयीची पत्रे आमच्याकडे अधूनमधून येत असतात. २००८ साली मंजूर झालेल्या आणि १ ऑगस्ट २००९ पासून लागू असलेल्या ‘पोस्ट-नाइन-इलेव्हन जीआय बिल’ या, माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्या अमेरिकी कायद्याखालच्या लाभांविषयीची चार पत्रे या अंकात घेतली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा लष्करात चार वर्षे काढून सन्मानपूर्वक सेवामुक्त झाला आणि आता आमच्याच राज्यातल्या सरकारी कॉलेजात शिकतो. गेल्या सत्रात घेतलेल्या १२ क्रेडिटपैकी संख्याशास्त्राचा ३ क्रेडिटचा विषय त्याने सातव्या आठवड्यात सोडला. आता कॉलेजने त्या विषयाच्या फीचे बिल पाठवले आहे आणि सरकारकडून घरभाडे भत्त्यातील काही रक्कम परत मागणारे पत्रही आले आहे. फी सरकार भरते असे आम्हांला सांगितले होते. मग ही दोन देणी कुठून निघाली? — एक आई, न्यू जर्सी

उत्तर : फी सरकार भरते हे खरे आहे, परंतु कॉलेजने प्रत्येक सत्राला लेखी जे कळवले असेल तेवढीच भरते. हे कळवण्याचे काम कॉलेजातील प्रमाणन अधिकारी करतात. माजी सैनिकांचे काम पाहणाऱ्या केंद्रीय खात्याच्या, म्हणजे सर्वजण ज्याला व्हीए म्हणतात त्या खात्याच्या संगणक प्रणालीत ते सत्राची सुरुवातीची व शेवटची तारीख, वर्गात बसून घेतलेली क्रेडिट, ऑनलाइन घेतलेली क्रेडिट आणि फीची निव्वळ रक्कम भरतात. पदवीच्या अभ्यासक्रमात न बसणारा विषय विद्यार्थ्याने हौसेने घेतला असेल, तर तो त्यांना प्रमाणित करता येत नाही. या माहितीवरून व्हीए फी थेट कॉलेजला पाठवते, तर घरभाडे भत्ता आणि वर्षाला जास्तीत जास्त १,००० डॉलरपर्यंतची पुस्तकांची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करते.

सत्राच्या मध्ये क्रेडिट कमी झाली, तर तो बदल ३० दिवसांच्या आत कळवणे प्रमाणन अधिकाऱ्यांवर बंधनकारक असते आणि तेथूनच वसुली सुरू होते. विषय सोडल्यावर गुणपत्रकावर जो ‘डब्ल्यू’ येतो, तो पदवीच्या हिशेबात धरला जात नाही, म्हणून त्या विषयावर खर्च झालेला पैसा व्हीए सत्राच्या पहिल्या दिवसापासून परत मागू शकते. याउलट, विद्यार्थी शेवटपर्यंत वर्गात बसला, परीक्षा दिली आणि नापास झाला, तर त्या विषयाचे पैसे परत मागितले जात नाहीत आणि तो विषय पदवीसाठी आवश्यक असेल तर पुन्हा घेतल्यावर त्याची फीही मिळते. विषय झेपत नाही असे वाटून मुले सुज्ञपणे तो सोडतात आणि त्याचाच भुर्दंड त्यांना बसतो. ही गोष्ट प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात समोर बसवून सांगितली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. अनेक ठिकाणी विषय सोडण्याचे काम विद्यार्थी रात्री घरून संगणकावर एका बटणाने उरकतो आणि त्या बटणाजवळ व्हीएचा उल्लेखही नसतो.

आपल्या मुलाच्या बाबतीत दोन सवलती महत्त्वाच्या आहेत. विषय सोडण्याची ही त्याची पहिलीच वेळ असेल, तर ६ क्रेडिटपर्यंतची एक सवलत व्हीए आपणहून देते. ही सवलत आयुष्यात एकदाच मिळते आणि ३ क्रेडिटसाठी वापरली तरी उरलेली ३ पुढे राखून ठेवता येत नाहीत. दुसरी सवलत सबळ कारणाची आहे. आजारपण, घरातला मृत्यू, नोकरीच्या वेळेत झालेला अटळ बदल, मुलांना सांभाळण्याची व्यवस्था अचानक कोसळणे, लष्कराने पुन्हा कामावर बोलावणे अशी कारणे कागदपत्रांसह मान्य होतात. केवळ गुण कमी पडतील या भीतीने विषय सोडला हे कारण मान्य होत नाही. यांपैकी कोणतीही सवलत लागू झाली, तर विषय सोडण्यापूर्वीच्या आठवड्यांचे पैसे मागितले जात नाहीत. म्हणून मुलाने प्रथम प्रमाणन अधिकाऱ्यांना भेटून वर्गातल्या शेवटच्या हजेरीची कोणती तारीख आणि विषय सोडल्याचे कोणते कारण व्हीएला कळवले गेले, हे विचारून घ्यावे. तारीख चुकीची भरली गेली असेल, तर दुरुस्तीही त्यांनाच पाठवावी लागते.

भत्त्याचा हिशेबही समजून घ्यावा. १२ क्रेडिटचे पूर्ण सत्र धरले, तर ९ क्रेडिट म्हणजे ७५ टक्के होतात आणि जवळच्या दहाच्या पटीत धरून ते ८० टक्के मानले जातात. म्हणजे भत्त्याचा साधारण पाचवा हिस्सा कमी होतो. तो ६ क्रेडिटवर आला असता, तर भत्ता पूर्ण बंद झाला असता, कारण भत्त्यासाठी अभ्यासाचे प्रमाण निम्म्याहून अधिक असावे लागते.

फीची वसुली कॉलेजकडून आणि भत्त्याची मुलाकडून का, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. १९४४ च्या पहिल्या जीआय बिलात सरकार वर्षाला ५०० डॉलरपर्यंतची फी थेट कॉलेजला देत असे. फी फुगवून सांगणाऱ्या शिक्षणसंस्था उघडकीस आल्यावर १९५२ च्या कायद्याने पैसे सैनिकाच्याच हाती देण्यास सुरुवात झाली. एकट्या सैनिकाला महिन्याला ११० डॉलर मिळत आणि त्यातूनच त्याला फी व पोट दोन्ही भागवावे लागे. २००८ च्या कायद्याने फी पुन्हा कॉलेजकडे वळवली आणि जानेवारी २०२१ पासून जादा गेलेल्या फीची वसुलीही कॉलेजवरच टाकली गेली. व्हीएला पैसे परत केल्यावर कॉलेज आपल्या नियमांप्रमाणे ती रक्कम विद्यार्थ्याच्या नावे लावते, म्हणून तुमच्या घरी दोन वेगवेगळी पत्रे आली.

व्हीएच्या पत्राला पहिल्या पत्रापासून ३० दिवसांच्या आत लेखी उत्तर द्यावे. हरकत नोंदवावी किंवा हप्ते मागावेत, पण पत्र बाजूला ठेवू नये. उत्तर न आल्यास पुढच्या भत्त्यातून रक्कम कापली जाते. हे सारे मुलानेच करावे लागेल, कारण त्याच्या लेखी संमतीशिवाय कॉलेज सहसा आईवडिलांशी या विषयावर बोलणार नाही.

प्रश्न : आमच्या महाराष्ट्र मंडळाने या वर्षी लष्करातून परतलेल्या एका विद्यार्थिनीला २,००० डॉलरची शिष्यवृत्ती देण्याचे ठरवले आहे. धनादेश कॉलेजच्या नावे काढावा की तिच्या? यामुळे तिचा सरकारी लाभ तर कमी होणार नाही ना? — मंडळाचे एक कोषाध्यक्ष, टेक्सास

उत्तर : धनादेश कोणाच्या नावे निघतो यापेक्षा सोबतच्या पत्रात काय लिहिले आहे याला अधिक महत्त्व आहे. ऑगस्ट २०११ पासूनच्या नियमानुसार कॉलेजने व्हीएला फीची निव्वळ रक्कम कळवायची असते, म्हणजे केवळ फीसाठी मिळालेली शिष्यवृत्ती आधी वजा करायची असते. तुमच्या पत्रात ‘फक्त फीसाठी’ असे शब्द असतील, तर कॉलेज व्हीएकडे २,००० डॉलर कमी मागेल आणि मंडळाच्या सभासदांनी गोळा केलेला पैसा त्या मुलीऐवजी सरकारची बचत करील. त्यात कॉलेजची काही चूक असणार नाही. नियमच तसा आहे. म्हणून पत्रात ‘राहणे, जेवण, प्रवास, पुस्तके किंवा शिक्षणाचा कोणताही खर्च’ अशी मोकळी शब्दरचना ठेवावी, त्याची प्रत प्रमाणन अधिकाऱ्यांना आधी दाखवावी आणि मगच धनादेश द्यावा. तिला केंद्र सरकारचे पेल अनुदान मिळत असेल, तर ते या हिशेबात वजा होत नाही, हेही तिला सांगून ठेवावे. डिसेंबर आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, दोन सत्रांच्या मधल्या दिवसांचा घरभाडे भत्ता मिळत नाही, पण घरमालकाचे भाडे थांबत नाही. तुमची रक्कम त्या आठवड्यांत तिच्या हाती पडली, तर तिचा सर्वांत जास्त उपयोग होईल.

प्रश्न : सत्र सुरू होऊन पाच आठवडे झाले तरी व्हीएचे पैसे आलेले नाहीत. कॉलेजने माझ्या खात्यावर विलंब शुल्क लावले आहे आणि पुढच्या सत्राची नोंदणी अडवली आहे. हे योग्य आहे का? — एक विद्यार्थी, व्हर्जिनिया

उत्तर : नाही. २०१८ च्या कायद्याने, १ ऑगस्ट २०१९ पासून, व्हीएचे पैसे उशिरा आले म्हणून कॉलेजला दंड लावता येत नाही, वर्ग किंवा ग्रंथालय बंद करता येत नाही आणि कर्ज काढण्याची सक्तीही करता येत नाही. कॉलेजने फी प्रमाणित केल्यापासून ९० दिवसांपर्यंत किंवा पैसे येईपर्यंत हे संरक्षण राहते, मात्र तुम्ही तुमचे पात्रता पत्र कॉलेजला वेळेत, उशिरात उशिरा पहिल्या तासिकेच्या दिवसापर्यंत, दिलेले असले पाहिजे. लाभाची पात्रता सेवेच्या कालावधीवरून टक्क्यांत ठरते; तुमची ती १०० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर उरलेल्या हिश्शाची मागणी कॉलेज करू शकते. लेखा विभागाच्या खिडकीवर वाद घालत बसू नका. अनेकदा तेथील प्रणाली आपोआप शुल्क लावते आणि खिडकीवरच्या व्यक्तीला हा नियम माहीत नसतो. प्रमाणन अधिकाऱ्यांना ई-मेल पाठवून कोणत्या तारखेला प्रमाणन झाले ते विचारा. अनेक कॉलेजे आधी फीचा रकाना शून्य ठेवून नुसती नोंदणी कळवतात आणि विषय बदलण्याची मुदत संपल्यावर खरी रक्कम भरतात. त्यामुळे भत्ता सुरू होतो, फी मात्र मागाहून येते. या अधिकाऱ्यांशी बोलताना थोडा धीर धरावा, अशी विनंती. प्रत्येक लाभार्थी विद्यार्थ्यामागे व्हीए कॉलेजला वर्षाला अवघे १६ डॉलर देते आणि बहुतेक कॉलेजांत शेकडो जणांचे काम एक-दोन माणसे सांभाळतात.

प्रश्न : माझ्या मुलीला एका खासगी विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. तेथे पूर्ण फी मिळेल का? — एक वडील, कॅलिफोर्निया

उत्तर : सरकारी कॉलेजात राज्यातील रहिवाशांची पूर्ण फी मिळते, पण खासगी विद्यापीठांसाठी वर्षाची मर्यादा आहे; २०२४-२५ साठी ती २८,९३७.०९ डॉलर होती. त्यावरच्या रकमेसाठी ‘यलो रिबन’ नावाची योजना आहे, जिच्यात विद्यापीठ जितका वाटा उचलते तितकाच व्हीए उचलते. माजी सैनिकाला ती १०० टक्के पात्रता असेल तरच लागू होते, म्हणजे साधारणपणे ३६ महिन्यांची सक्रिय सेवा झालेली असावी लागते. किती विद्यार्थ्यांना आणि किती रक्कम द्यायची हे विद्यापीठच ठरवते, त्यामुळे एकाच विद्यापीठात पदवीला भरपूर आणि कायद्याच्या शाखेत अगदी तुटपुंजी रक्कम असू शकते. जागा मर्यादित असतील तर त्या अर्जाच्या क्रमाने भरतात. म्हणून प्रवेश निश्चित करण्याची रक्कम भरण्यापूर्वीच मुलीने तिच्या शाखेसाठी या वर्षी किती जागा आहेत, त्यांतल्या किती शिल्लक आहेत आणि विद्यापीठाचा वाटा किती आहे, हे प्रमाणन अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावे.