लेथवर ५० एमएमचा एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) बार टर्न करतोय. ‘कडक माल आहे, हळू चालव’ असं शिकवलंय, म्हणून आरपीएम २०० वर आणला. तरी कार्बाइडचे इन्सर्ट (टूलला लावायचे, बदलता येणारे कटिंग तुकडे) का उडतात?

आरपीएम कमी केलात म्हणूनच उडतायत. ५० एमएमचा बार, २०० आरपीएम, म्हणजे कटिंग स्पीड (टूलसमोरून माल सरकण्याचा वेग) झाला मिनिटाला जेमतेम ३१ मीटर. हा जुन्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलचा आकडा झाला. कार्बाइडला एवढ्या हळू चालवलंत की माल कटण्याऐवजी टोकाला चिकटतो.

‘कडक माल आहे, हळू चालव’ हे ज्याने तुम्हाला शिकवलं त्याला माझा नमस्कार सांगा. ३०४ कडक नाहीच. अ‍ॅनील केलेला (तापवून मऊ केलेला) ३०४ कडकपणाच्या ब्रिनेल मापात साधारण २०० च्या आत असतो, टी कंडिशनचा (हीट ट्रीट केलेला) ईएन २४ हा अलॉय स्टील अडीचशे-तीनशेच्या घरात. तरी ईएन २४ निमूट कटतो आणि ३०४ छळतो. कारण ३०४ चिवट आहे, आणि टूल घासलं की तिथेच वरचा थर कडक होतो. शिवाय उष्णता वाहून नेण्यात तो एमएसच्या (माइल्ड स्टील, साधं लोखंड) तिसऱ्या हिश्श्याएवढाच, म्हणून सगळी गरमी टूलच्या नाकावर बसते.

पुण्याजवळ भोसरीत एका मशीन शॉपमध्ये मी सेटर (मशीन लावून देणारा) होतो. तिथे ३०४ चे ६० एमएमचे शाफ्ट यायचे. आमच्या फोरमनचा हुकूम होता: अडीचशे आरपीएम, फीड (एका फेऱ्यात टूल किती सरकतं) ०.०६ एमएम, डेप्थ (कटाची खोली) ०.३ एमएम. ‘हलका कट घे, टूल जगतं.’ टूल काही जगायचं नाही. इन्सर्ट काढून भिंगाखाली धरला की कडेवर मालाचा चकचकीत गोळा चिकटलेला दिसायचा. तो गोळा सुटताना कार्बाइडचा टवका घेऊन जायचा, आणि जॉबवर खवले उठायचे. ०.३ चा कट जवळजवळ आधीच्या पासने कडक केलेल्या थरातच चालायचा. लांबच लांब चिप चकला गुंडाळायची ती वेगळीच, हुकाने ओढून काढताना हात कापायचे.

इन्सर्टच्या डबीवर स्पीड-फीड छापलेलं असतं, ते मी दाखवलं. उत्तर आलं, ‘ते कंपनीवाले माल खपवायला छापतात.’ मग एका नाइट शिफ्टला मी ७०० आरपीएम, फीड ०.२, डेप्थ १.५ लावलं, कूलंटची धार नाकावर आणली. कटिंग स्पीड गेला १३० मीटरच्या पुढे. चिप नऊच्या आकड्यासारखी तुटून पडायला लागली, फिनिश आली, आणि त्याच इन्सर्टवर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त शाफ्ट निघाले. सकाळी मालकाला फोरमननेच नेऊन दाखवले. ‘या लॉटचं मटेरियल चांगलं आलंय’ म्हणे!

तर, कोटेड कार्बाइड असेल तर १२० ते १८० मीटरच्या मधे कुठेतरी सुरुवात करा. तुमच्या ५० एमएमला ते ७५० ते ११५० आरपीएम होतात. फीड ०.१५ च्या खाली नको. एम ग्रेडचा (स्टेनलेससाठीचा), पिवळ्या पट्टीचा इन्सर्ट घ्या, एमएसचा निळा नको. आणि कट चालू असताना फीड मधेच थांबवू नका, टूल एका जागी घासलं की पुढचा पास गेला.

याचा अर्थ स्पीड वाढवतच सुटा असाही नाही. टूलच्या आयुष्याचं टेलरचं जुनं सूत्र अजून लागू आहे: कार्बाइडला स्पीड २० टक्के वाढवला की टूलचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. टायटॅनियमला तर हे गणित लावूच नका, तिथे पन्नासेक मीटरच्या वर कडा जळते. तुमच्या लेथचे स्लाइड ढिले असतील, जॉब बारीक-लांब असेल, तर दीड एमएमचा कट झेपणार नाही, चॅटर (थरथर) येईल. सीएनसी असेल तर फेसिंगला (बारचं टोक सपाट कापताना) जी ९६ कोड लावा, तो व्यास कमी होईल तसा आरपीएम वाढवून कटिंग स्पीड कायम ठेवतो, नाहीतर सेंटरकडे जाता-जाता स्पीड शून्यावर येतो आणि तोच गोळा परत चिकटतो. जी ५० कोडने कमाल आरपीएमला लगाम घालायला मात्र विसरू नका.

आणि शॉपमध्ये कोणी ‘आमच्या काळी’ सुरू केलं तर वाद घालू नका, नाइट शिफ्ट मागून घ्या.