वारसा वाफेच्या रेल्वेवर इंजिन क्लीनर म्हणून रुजू होताना

इंग्लंडमधल्या एका वारसा रेल्वेवर, म्हणजे जुनी वाफेची इंजिने जपून चालवणाऱ्या रेल्वेवर, पुढच्या महिन्यात क्लीनर म्हणून रुजू होताना सुरुवातीला नेमके कोणते काम वाट्याला येते आणि फायरमन (इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकून वाफ राखणारा) होण्यास किती काळ लागतो, असे आपण विचारले आहे. मी अशाच एका रेल्वेवर क्लीनर म्हणून लागलो आणि आता फायरमनची ड्युटी करतो, त्यामुळे अनुभवावरून सांगतो.

काळाचा प्रश्न आधी संपवतो. क्लीनर, मग फायरिंगची, म्हणजे भट्टी सांभाळण्याची, परीक्षा उत्तीर्ण झालेला ‘पास्ड क्लीनर’, मग फायरमन आणि बऱ्याच वर्षांनी ड्रायव्हर, अशी ही शिडी आहे. पहिली पायरी ओलांडायला मला दीड वर्ष लागले. हा काळ केवळ वाट पाहण्याचा आहे असे कृपया मानू नका, कारण इंजिन कळते ते पुसतानाच. तेलकट चिंधीने चाकांच्या आऱ्या, कनेक्टिंग रॉड आणि फ्रेम पुसताना बारीक तडा, सैल झालेला नट किंवा गळणारा सांधा सर्वांत आधी क्लीनरच्याच हाताला लागतो.

आपली पाळी पहाटे सुरू होईल. इंजिनाच्या पुढच्या टोकाला चिमणीखाली असलेल्या स्मोकबॉक्समधली राख काढायची, भट्टीच्या जाळीवर चिकटलेला खंगर (राख वितळून झालेला कडक थर) फोडून बाहेर ओढायचा, राखपेटी रिकामी करायची, आणि हे सारे झाल्यावरच लाकडे व पॅराफिनमध्ये भिजवलेल्या चिंध्या घेऊन विस्तव पेटवायचा. विस्तवाची घाई करू नये. इथल्या बहुतेक इंजिनांची आतली भट्टी तांब्याची असते आणि भोवतीचे कवच पोलादाचे. थंड बॉयलर झपाट्याने तापवला तर दोन्ही धातू वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि भट्टीतले गरम वायू नेणाऱ्या नळ्यांच्या टोकांवर व भट्टी कवचाशी जोडून धरणाऱ्या स्टे-बोल्टांवर ताण येतो. म्हणूनच पुष्कळदा आदल्या दिवशीच मंद विस्तव लावून ठेवतात.

मात्र काडी ओढण्याआधी पाणी पाहावे लागते, आणि माझी चूक इथेच झाली. चौथ्या आठवड्यात मी पाण्याची पातळी दाखवणारी काच अर्धी भरलेली पाहिली आणि पाणी ठीक असल्याचे सांगितले. ड्रायव्हर काही बोलले नाहीत. त्यांनी काचेखालचा निचऱ्याचा कॉक उघडून पाणी सोडले, पुन्हा बंद केला आणि मला पाहत राहायला सांगितले. पाणी झटकन पूर्वीच्या जागी यायला हवे होते, पण ते रेंगाळत, थांबत थांबत वर आले, कारण खालच्या वाटेत क्षार साचला होता. तशा काचेवर विसंबून विस्तव वाढवला असता आणि भट्टीच्या छतावरचे पाणी उतरले असते, तर तांबे मऊ पडून छत खचू शकले असते. छतातला शिशाचा प्लग वितळून वाफ भट्टीत सुटते, ती शेवटची सूचना असते. तिच्यावर भिस्त ठेवायची नसते. तेव्हापासून मी नुसत्या डोळ्यांनी काच वाचत नाही.

फायरिंग शिकू लागाल तेव्हा जुन्या पुस्तिकांतील कोळशाची वर्णने जशीच्या तशी लागू पडणार नाहीत. त्या वेल्समधल्या स्टीम कोळशाला धरून लिहिलेल्या आहेत, आणि तो पुरवणारी फोस-ई-फ्रान ही खुली खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली. आता आयात कोळसा किंवा दाबून बनवलेल्या गोळ्या येतात. त्यांची राख, ज्वाला आणि खंगर निराळा असतो. प्रत्येक नव्या खेपेला चिमणीचा धूर पाहून हवा व फावड्याचा वेग जुळवावा लागतो. थोडा कोळसा, पण वारंवार, हा नियम मात्र कायम आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्याला पगार मिळेल, पण शेजारी काम करणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतील. वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेवर १९५१ साली स्वयंसेवकांनी गाड्या चालवायला घेतल्या, तेव्हापासूनची ही रीत आहे. वीस-वीस वर्षे शनिवार-रविवार देणाऱ्या या माणसांना निःसंकोच विचारा. बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर नीट चालतो की नाही ते कानाने कसे ओळखायचे, हे मला अशाच एका निवृत्त शिक्षकांनी दाखवले.

कपडे सुती घ्या, कृत्रिम धाग्याचे नकोत, कारण ठिणगी पडल्यास ते वितळून कातडीला चिकटतात. बुटांचे पुढचे टोक पोलादी असावे, आणि हातमोज्यांचा एक जोड नेहमी कोरडा ठेवा.