मूर पार्कला खेळायला जाताय? तिकिटाआधी हे वाचा

लंडनच्या वायव्येला, रिकमन्सवर्थजवळ मूर पार्क हा गोल्फ क्लब आहे. जुन्या जहागिरीच्या उपवनात गोल्फ कोर्सचा आराखडाकार हॅरी कोल्टने आखलेले 18 होलचे दोन कोर्स, हाय आणि वेस्ट. क्लब 1923 चा. त्याबद्दल तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून ही एकत्र उत्तरं.

हा लिंक्स कोर्स आहे ना?

नाही. लिंक्स समुद्रकाठच्या वाळूवर असतो. हा पार्कलँड आहे, म्हणजे झाडं, चढउतार आणि दाट हिरवळ.

इतक्या लांब जायचंच तर रिलायन्सने घेतलेला, बाँडपटातला स्टोक पार्क का नको?

2021 मध्ये मालकी बदलल्यावर तो नूतनीकरणासाठी बंद झाला. आज पाहुण्यांना प्रवेश आहे का, हे स्टोक पार्कलाच विचारा. कुणाच्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डवर बेत आखू नका.

क्लबचं पत्र जोडलं की व्हिसा लवकर मिळतो का?

नाही. साधा व्हिजिटर व्हिसा लागतो, अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, आणि शंका असेल तर व्हिसा सल्लागाराला विचारा, गोल्फवाल्याला नाही.

माझ्याकडे पुण्याच्या सरावाच्या रेंजवरच्या अकादमीचं हँडिकॅप सर्टिफिकेट आहे. चालेल?

ते प्रशस्तिपत्रक आहे, हँडिकॅप (खेळाडूला मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीचा आकडा) नव्हे. तुमच्या होम क्लबमार्फत वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिममध्ये नोंदलेला इंडेक्स लागतो. 2020 पासून ही पद्धत जगभर लागू झाली. जुने क्लब पाहुण्यांसाठी कमाल मर्यादा ठेवू शकतात, ती आधी विचारून घ्या. शिवाय इंडेक्स म्हणजे तिथे मिळणारे सवलतीचे स्ट्रोक (फटके) नव्हेत. इंडेक्सला कोर्सच्या स्लोपने (सामान्य खेळाडूला कोर्स किती अवघड, त्याचा आकडा) गुणायचं, 113 ने भागायचं आणि कोर्स रेटिंगमधून (निष्णात खेळाडूला लागणारे फटके) पार (कोर्सचे ठरलेले फटके) वजा करून येणारा फरक मिळवायचा. इंडेक्स 18 आणि स्लोप 130 असेल तर नुसत्या गुणाकार-भागाकाराने 20.7 येतात. टीचा (जिथून पहिला फटका मारतात त्या जागेचा) रंग बदलला की आकडाही बदलतो, म्हणून पहिल्या टीजवळचा तक्ता पाहा.

मुलगी लंडनच्या हॅरो भागात असते. नाताळच्या सुटीत तिच्याकडे जाणार आहोत. तिथले ओळखीचे म्हणतात, कोर्स वर्षभर चालू असतो. तेव्हाच एक राउंड उरकता येईल ना?

'चालू असतो' हे खरं, पण त्याचा उपयोग काय ते पाहू. डिसेंबरअखेर लंडनला सूर्य आठनंतर उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो. राउंडला चार तास धरा. आता पहाटे दव गोठलं असेल तर गवताच्या पात्यातलं पाणीही गोठलेलं असतं. त्यावर बूट पडला की पेशी फुटतात आणि दोन दिवसांनी ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) काळपट पावलं उमटतात. म्हणून बर्फ वितळेपर्यंत कुणाला सोडत नाहीत. साडेनऊचा टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) बारावर गेला, तर शेवटचे होल तुम्ही अंदाजाने खेळणार. किंवा टेंपररी ग्रीन देतात: फेअरवेवर (टी ते ग्रीनमधल्या पट्ट्यावर) थोडं बारीक कापलेलं गवत, मधे एक भोक. पैसे मोजून, विमानाने जाऊन, त्यावर पट करायचं (चेंडू भोकात ढकलायचा).

आणि पाऊस. मुंबईचा पावसाळा काढलेला माणूस तिथल्या भुरभुरीला हसतो. पण आपल्याकडे पाऊस थांबला की ऊन पडतं. तिथे हिवाळ्याच्या उन्हात दम नसतो आणि पार्कलँडची माती बहुधा जड; पाणी ना खाली उतरत, ना वर वाळत. बग्गी (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) बंद होते, मग बॅग ओढायची ट्रॉलीही बंद होऊ शकते, बॅग खांद्यावर येते. चेंडू पडल्या जागी रुततो.

मग 'ऑफ-सीझन सवलत' म्हणून ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबर गळ्यात मारतात. अनेक क्लब नेमकं तेव्हा ग्रीनचं एअरेशन (मातीत हवा खेळवण्याचं काम) करतात. पोकळ दात असलेलं यंत्र बोटाएवढ्या मातीच्या पुंगळ्या उपटतं आणि भोकांवर वाळू पसरतात. मुळांना हवा मिळते, दबलेली माती मोकळी होते. काम योग्यच आहे. पण ग्रीन भरून यायला दोन-तीन आठवडे जातात आणि तोवर पट उड्या मारत जातो. स्वस्ताईचं कारण विकणारा सांगत नाही, आपण विचारत नाही.

मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत जा. जूनमध्ये नऊनंतरही उजेड असतो. तारीख ठरवण्याआधी क्लबला एकच ईमेल करा: एअरेशन कधी, त्या दिवशी सभासदांची स्पर्धा आहे का, दोन्हींपैकी कोणता कोर्स पाहुण्यांना खुला, बग्गी-ट्रॉलीवर बंदी असेल तर पैशांचं काय. उत्तर हाती आल्यावर विमानाचं तिकीट काढा, आधी नाही.

टूर एजंटने 'कन्फर्म टी टाइम, मूर पार्क अथवा तत्सम' असं लिहून दिलंय. पूर्ण पैसे भरू का?

'तत्सम' हा शब्द आहे तोवर काहीच कन्फर्म नाही. कोर्सचं नाव, तारीख, वेळ, खेळाडूंची नावं आणि बुकिंग क्रमांक लेखी घ्या आणि तो क्रमांक स्वतः क्लबला कळवून खात्री करा. एजंट 'क्लबशी थेट बोलू नका' म्हणाला तर एजंट बदला.

कॅडी किती आधी बुक करावा?

इंग्लंडमधल्या बहुतेक क्लबांत आपल्यासारखे बॅग उचलणारे कॅडी नसतात. बॅग तुमची, बंकर (वाळूचा खड्डा) सारखा करणं तुमचं आणि ग्रीनवरचा पिचमार्कही (चेंडू आदळून पडलेला खड्डा) तुमचाच. हे शेवटचं आपल्याकडच्या अनेकांना येतच नाही, कारण कॅडी करतो. पिचमार्क दुरुस्तीचा छोटा काटा खड्ड्यात खुपसून माती वर उचकटू नका. मुळं तुटतात, गवत मरतं. काटा खड्ड्याच्या कडेबाहेर रोवा, गवत आतल्या बाजूला मध्याकडे ढकला, चारी बाजूंनी तसंच करा आणि पटरच्या (पट करायच्या काठीच्या) तळाने हलकं थोपटा. निघण्याआधी होम क्लबच्या प्रोकडून (प्रशिक्षकाकडून) एकदा शिकून घ्या.

स्वतःचा सेट न्यावा की तिथे भाड्याने घ्यावा?

एकच राउंड असेल तर भाड्याने. डावखुरे असाल तर आधी कळवा. नेणार असाल तर ड्रायव्हर या सर्वांत लांब काठीचं डोकं काढून मोज्यात गुंडाळा आणि ड्रायव्हरहून लांब आधारकाठी बॅगेत उभी ठेवा, म्हणजे आपटण्याचा भार तिच्यावर येतो. सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेत. इलेक्ट्रिक ट्रॉलीची असेल तर विमान कंपनीची आधी परवानगी घ्या.

सहा महिन्यांपूर्वी गुडघा बदलला. बग्गीवर भागेल?

बग्गी दारात मिळेलच असं नाही. क्लब वैद्यकीय दाखला मागू शकतो आणि कोर्स ओला असेल तर दाखला असूनही नाही म्हणेल. ओल्या उतारावर स्विंग करताना गुडघ्याला पीळ बसतो, त्यामुळे आधी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारा, मग क्लबला.

पत्नी खेळत नाही. तिने चार तास काय करावं?

क्लबहाउस म्हणजे अठराव्या शतकातला सरदारी वाडा आहे, आत अमिगोनी या इटालियन चित्रकाराची मोठी चित्रं आहेत. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर 1944 च्या नेदरलँड्समधल्या 'मार्केट गार्डन' मोहिमेच्या वेळी ब्रिटिश छत्रीसैनिकांच्या दलाचं (एअरबोर्न कोअरचं) मुख्यालय इथेच होतं. आतल्या दालनात लग्नसमारंभही होतात, म्हणून त्या दिवशी पाहता येईल का ते बुकिंग करतानाच विचारा. मेट्रोपॉलिटन लाइनने बेकर स्ट्रीटहून मूर पार्क स्टेशन साधारण अर्ध्या तासावर आहे; त्यांना कंटाळा आला तर त्या परत जाऊ शकतात.